क्रमांकाचा रकाना

जिल्हा कचेरीचं परिपत्रक आलं ती मे महिन्याची सहा तारीख होती. त्याच्या आठच दिवस आधी, अठ्ठावीस एप्रिलला, जपानचा कारभार पुन्हा जपानी लोकांच्या हाती आला होता. युद्ध हरल्यापासून जवळजवळ सात वर्षं अमेरिकन लष्कराच्या मर्जीने चाललेला देश एका सोमवारी आपला झाला. आमच्या डोंगरातल्या गावात भाताच्या रोपांचे वाफे करायची घाई होती, त्यामुळे रेडिओवरची ती बातमी कुणी ऐकली, कुणी नाही.

परिपत्रक साधं होतं. परक्या लष्कराच्या आदेशावरून गावाने जे जे केलं असेल त्याची यादी पाठवा, म्हणजे ते आदेश रद्द करता येतील. खाली नमुना छापलेला, चार रकान्यांचा. काय केले. कधी केले. कोणत्या आदेशावरून, क्रमांकासह. शेरा.

मी मोरिवाकी. या गावकचेरीत एकोणतीस वर्षं कारकुनी केली आहे. नमुना दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं एवढंच आहे. पहिल्या सात ओळी मी चहा निवायच्या आत भरल्या. शाळेतल्या लाकडी तलवारी जाळल्या, क्रमांक अमुक. भिंतीवरचे नकाशे उतरवले, क्रमांक तमुक. फायली माझ्याइतक्या नीट तालुक्यात कुणी लावत नाही. आठवी ओळ लिहिली, ‘हुतात्म्यांचा स्मृतिस्तंभ पाडून पुरला, डिसेंबर १९४५’, आणि तिसऱ्या रकान्यापाशी येऊन पेन खाली ठेवलं.

“झालं का रे?” मागून कुरामोचींचा आवाज आला. कुरामोची आमचे गावप्रमुख. जाडजूड माणूस, घसा खाकरल्याशिवाय वाक्य सुरू करत नाही. “लवकर पाठव. या वेळी आपलं गाव पहिलं पाहिजे. स्तंभ उभा करू, शाळेची पोरं रांगेत उभी करू, मी दोन शब्द बोलेन.”

“प्रमुखसाहेब, स्तंभाचा क्रमांक नाही.”

कुरामोचींनी घसा खाकरला आणि माझ्या खांद्यावरून कागदात डोकावले.

क्रमांक का नव्हता ते सांगायचं तर मला त्या डिसेंबरात जावं लागेल, आणि तिथे जायला मला आवडत नाही.

देवळाच्या पायऱ्यांच्या उजव्या हाताला चौथऱ्यावर पुरुषभर उंचीचा तो दगड उभा होता. गावातून लढायला गेलेल्या आणि परत न आलेल्या त्रेचाळीस जणांची नावं त्यावर कोरलेली. एखाद्याच्या मरणाची खबर आली की गाव मिळून अंत्यविधी करायचा, शाळेची मुलं माना खाली घालून उभी राहायची, आणि पाथरवट गेनझो छिन्नी घेऊन नवं नाव कोरायचा. युद्ध हरलो. अमेरिकन येणार, स्तंभ दिसला की गावच्या प्रमुखाला धरून नेणार, अशी कुणकुण लागली. कुणी आणली ती, आजवर कळलेलं नाही. अमेरिकन तर सोडाच, त्याच्या जीपची धूळही तोवर गावात उडाली नव्हती.

कुरामोची तेव्हा उपप्रमुख होते. जुने प्रमुख ताप आला म्हणून अंथरुणात शिरले होते आणि तो ताप काही उतरत नव्हता. कुरामोची म्हणाले, “सांगितल्यावर केलं तर त्यात काय आलं? कुणी सांगायच्या आधी केलेलं बरं. आदेश येणारच आहे. आला की आपण म्हणू, साहेब, झालंच आहे.”

आमच्या कचेरीत एकटा माणूस कधीच काही ठरवत नाही. कागद फिरतो. खालचा लिहितो, आपला लाल शिक्का उठवतो, वर सरकवतो. वरचा बघतो की खाली शिक्का आहे, म्हणजे कुणीतरी विचार केलेला दिसतो, आणि आपला उठवतो. खालचा समजतो, वरचे बघतीलच. शेवटी कागदावर सहा शिक्के असतात आणि विचार कुणीच केलेला नसतो. स्तंभाचा कागद मी लिहिला. ‘लष्कराच्या आदेश क्रमांक’ एवढं लिहून थांबलो आणि कुरामोचींकडे बघितलं.

“जागा सोड,” ते म्हणाले. “आला की भर.”

मी दोन बोटं जागा सोडली. पहिला शिक्का माझा होता. सहावा जुन्या प्रमुखांनी अंथरुणात पडल्या पडल्या उठवला, तोही जरा फिसकटला.

दोन दिवसांनी धुक्याच्या सकाळी आम्ही सहा जणांनी दोरखंड लावून दगड आडवा केला. शेजारच्या मोकळ्या तुकड्यात खड्डा खणला होता. नावांना माती लागू नये म्हणून मी गवताची चटई आणली आणि नावांच्या बाजूवर घातली. मग दगड पालथा केला, वर दीड वीत माती लोटली, आणि खड्ड्यासमोर सहाही जण कमरेत वाकलो. चटई घातली याचं मला तेव्हा फार समाधान वाटलं होतं. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

तोसे आजी पहिल्यांदा कचेरीत आली ती पुढच्या मे महिन्यात. तिच्या एकुलत्या एक मुलाच्या, इसाकूच्या, मरणाची खबर युद्ध संपल्यावर नऊ महिन्यांनी आली. दक्षिणेच्या समुद्रात बोट बुडाली होती, त्यालाही दीड वर्ष होऊन गेलेलं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लाकडी पेटी आली. आत अस्थींच्या जागी नावाची चिठ्ठी आणि एक खडा. अंत्यविधी कसला, दोन शेजारणी आणि भटजी.

इसाकूला सैन्यात बोलावणारा लाल कागद तिच्या दारात नेऊन देणारा मीच. गावची लष्करी कामं तेव्हा माझ्याकडे होती. कागद हातात ठेवायचा आणि वाकून म्हणायचं, “अभिनंदन.” असा रिवाज होता. त्या दिवशी ती रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला घालत होती. तिने हात पुसले, कागद दोन्ही हातांनी घेतला, वाकली आणि म्हणाली, “तुम्हाला उगाच त्रास झाला.” मग मला चहा दिला. मी प्यायलो.

मे महिन्यात ती आली तेव्हा तिचं मागणं एवढंच होतं. “साहेब, त्याचं नाव दगडावर कधी घालणार? त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांची आहेत. तो एकटाच बाहेर राहिलाय.”

एकटा नव्हता. शेवटल्या वर्षाचे असे अठरा होते. पण बाकीची सतरा घरं गप्प बसली. तोसे आजी तेवढी आली.

“आजी, दगड काढावा लागला. लष्कराचा आदेश आहे.”

“असं का,” ती म्हणाली. “कधी उठायचाय आदेश?”

“ते त्यांनाच ठाऊक.”

इसाकू गेला ती तारीख सात. दर महिन्याच्या सात तारखेला ती समईसमोर त्याला भात ठेवायची आणि तिथून थेट कचेरीत यायची. “उठला का हो आदेश?” “नाही उठला, आजी.” “बरं.” मग तिच्या त्या निळ्या कामाच्या एप्रनच्या खिशातून खारवलेल्या मुळ्याचं पुडकं काढून माझ्या मेजावर ठेवायची. मी नको म्हटलं की म्हणायची, “घ्या हो. पोटासाठी परक्याचं ऐकावं लागतंय तुम्हाला. बाई माणूस मी, घरात बसून त्यांना शिव्या तरी देते. तुम्हाला तेही नाही.”

आता मुळ्याचं सांगतो. अन्नाची टंचाई होती म्हणून कचेरीने मोकळ्या जागा चिठ्ठ्या टाकून लोकांना पिकवायला दिल्या. देवळाशेजारचा तो तुकडा तोसे आजीला लागला. मी यादी वाचत होतो. तिचं नाव त्या तुकड्यापुढे आलं तेव्हा माझी जीभ अडखळली, पण चिठ्ठी बदलायचं धाडस कुणाचं? तिने मुळा लावला. मुळे वाकडे यायचे. दीड वितीवर काहीतरी लागायचं आणि तिथून त्याला दोन पाय फुटायचे. “तुमच्या कचेरीची जमीनच मुळात वाकडी,” असं म्हणून ती हसायची. मी ते मुळे खाल्ले. माझ्या बायकोने एकदा विचारलं, “हे असे कसे हो?” मी म्हटलं, जमीन चांगली नाही.

तोपर्यंत, खरंच सांगतो, मला वाटायचं आदेश असेलच कुठेतरी. टपालात अडकला असेल. मग आजी पहिल्यांदा आली त्याच वर्षी ऑक्टोबरात जीप आली.

एक कोवळा लेफ्टनंट आणि एक दुभाषा. दुभाषा आपल्याच चेहऱ्याचा, हवाई बेटांवर जन्मलेला. आपली बोली तो आजीकडून शिकलेला होता, त्यामुळे लष्करी टोपीखालून आमच्या पणजोबांच्या काळातले शब्द बाहेर पडायचे. शाळेत तलवारी आहेत का ते बघायला ते आले होते. देवळाजवळून जाताना लेफ्टनंटने रिकामा चौथरा बघितला आणि विचारलं, इथे काय होतं?

कुरामोची कमरेत वाकून म्हणाले, “मेलेल्यांच्या नावांचा दगड होता. आपल्या आदेशाप्रमाणे काढून टाकला.”

दुभाष्याने सांगितलं. लेफ्टनंटने खिशातली वही काढली, पानं चाळली, काहीतरी पुटपुटला.

“साहेब विचारत्यात,” दुभाषा म्हणाला, “कोणता आदेश?”

मी त्या जागी उभा होतो. काखेत फाइल होती, फाइलमध्ये तो कागद होता, कागदावर दोन बोटं मोकळी जागा होती. कुरामोचींनी माझ्याकडे बघितलं. मी चौथऱ्याकडे बघितलं.

“साहेब म्हणत्यात, निसती नावंच होती न्हवं? लढा, मारा असं काय नव्हतं लिवलेलं? मग त्यात आमचं काय जातंय. गाव तुमचं. तुमीच ठरवा.”

लेफ्टनंटने खांदे उडवले, जीपभोवती जमलेल्या पोरांना गोळ्या वाटल्या आणि ते निघून गेले. सगळं मिळून वीस मिनिटं.

जीप वळणाआड गेल्यावर कुरामोची कपाळाचा घाम पुसत म्हणाले, “यात गोम आहे, मोरिवाकी. आपली परीक्षा बघतोय तो. आज म्हणतो तुम्हीच ठरवा, आणि आपण ठरवलं की उद्या येईल वॉरंट घेऊन. लेखी दिलंय का त्याने? नाही ना? मग आपण काही ऐकलं नाही.”

“तोसे आजीला काय सांगू?”

“जे सांगतोस तेच.”

म्हणजे सत्ता आम्हाला तेव्हाच परत मिळाली होती, देवळासमोर, भर दुपारी. घ्यायला आमच्यातला एकही हात पुढे आला नाही. त्या दिवसापर्यंत माझी नुसती चूक होती. त्यानंतरच्या सात तारखेला आजीने विचारलं, “उठला का हो आदेश?” आणि मी म्हटलं, “नाही, आजी.” ते खोटं होतं. त्यानंतर सहासष्ट वेळा मी ते बोललो. एकदा ती तापाने फणफणली होती तेव्हा मी तिच्या घरी जाऊन बोललो.

आणि आता हा नमुना.

कुरामोची माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. आवाज खाली घेतला. “हे बघ. तलवारींच्या आदेशाचा क्रमांक आहे ना? तोच इथे लिही. जिल्हा कचेरीत शेकडो गावांच्या याद्या येणार, कोण बसलंय ताडून बघायला? आदेश रद्द, स्तंभ उभा, म्हातारीच्या पोराचं नाव कोरलं, सगळे खूष. यात कुणाचं नुकसान सांग.”

“पण तो आदेश—”

“ते गेले रे! कुणावर घालतोयस त्याची काळजी तू कशाला करतोस? गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं.”

खोटं वाटेल, पण मला सुटल्यासारखं झालं. मी पेन्सिलीने तलवारींचा क्रमांक तिसऱ्या रकान्यात लिहिला. संध्याकाळपर्यंत कागदाला पाच शिक्के बसले. या वेळी माझा शेवटी राहिला, कारण माझा शिक्का मी घरी विसरलो होतो. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सात तारीख.

तोसे आजी आली ती कामाच्या कपड्यांत नव्हे. काळा सणाचा किमोनो, केस चापूनचोपून बसवलेले. दोन वर्षांपासून तिच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता, त्यामुळे दाराच्या चौकटीला हात लावत, पाय चाचपडत ती आत आली. हातात लाखेचा डबा. तो तिने माझ्या मेजावर, बरोबर त्या कागदाशेजारी ठेवला आणि कमरेत खोल वाकली.

“अभिनंदन, मोरिवाकीसाहेब.”

मी उठून उभा राहिलो.

“लाल भात केलाय,” ती म्हणाली. “सणासुदीलाही केला नव्हता इतकी वर्षं. सुटलात तुम्ही. वाकून वाकून तुमची मान मोडली असेल बिचारी. आता उठला ना आदेश?”

“उठतोय, आजी!” कुरामोची आतून ओरडले. “उद्याच कागद जाणार!”

“बघा. मी म्हणतच होते, एक दिवस जातील मेले.” ती खुर्चीवर बसली, माझ्या आवाजाच्या रोखाने तोंड केलं. “साहेब, एक विचारू? त्या आदेशाला नंबर असतो ना?”

“असतो.”

“इसाकूच्या लाल कागदाला होता. मला अजून पाठ आहे.” आणि तिने तो म्हणून दाखवला. अक्षरं, आकडे, सगळं, न अडखळता. आठ वर्षांपूर्वी मी तिच्या हातात ठेवलेला कागद. “तसा याचाही सांगा. घरी जाऊन इसाकूला सांगते, बाबा, या नंबरामुळे तुझं नाव अडलं होतं, तो आता रद्द झाला. त्याला नीट सांगायला पाहिजे. नाहीतर त्याला वाटायचं, आई विसरली.”

कागद माझ्या समोर होता. पेन्सिलीचा क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. पाच शिक्के लाल भडक. माझा शिक्का खिशात. तो क्रमांक वाचून दाखवला असता तर तिने तो पाठ केला असता, आणि रोज समईसमोर म्हटला असता, लाकडी तलवारी जाळायच्या आदेशाचा क्रमांक, मेलेल्या पोराला.

“नंबर नाही, आजी,” मी म्हटलं.

“हरवला?”

“नव्हताच. आदेशच नव्हता.”

“आजी, कागद जरा इकडेतिकडे झालेत,” कुरामोची घाईघाईने बाहेर आले. “सापडला की—”

“नव्हता,” मी म्हटलं. “कुणी सांगितलं नव्हतं. येईल म्हणून आम्हीच आधी केलं. मग जीपवाला आला, तो म्हणाला गाव तुमचं, तुम्हीच ठरवा. तेही मी तुम्हाला सांगितलं नाही.”

तोसे आजीचा चेहरा माझ्याकडेच होता, पण डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे.

“तो जीपवाला,” ती सावकाश म्हणाली. “पोरांना गोळ्या देत होता तो?”

“हो.”

“मी त्याच्या चाकाच्या खुणेवर थुंकले होते.” तिने लाखेच्या डब्याच्या झाकणावरून हात फिरवला. “रोज सकाळी तोंड धुताना शिव्या दिल्या मी त्यांना. रोज. मग सहा वर्षं मी कुणाला शिव्या देत होते?”

मी मान खाली घातली. माझं नाव तिथे कुणी घ्यायची गरज नव्हती.

“कुदळ मारली की टणकन वाजायचं,” ती म्हणाली. “पहिल्याच वर्षी कळलं मला खाली काय आहे ते. मुळ्यांनीच सांगितलं म्हणा. एकदा मनात आलं, खणावं. एवढीशी माती. नाव नसलं तरी बाकीच्यांची बघेन, त्यांच्यात तो आहे असं समजेन. तेव्हा डोळे चांगले होते. मग म्हटलं, नको, आदेश आहे, माझ्यापायी मोरिवाकीसाहेब गोत्यात यायचे. कुदळ उचलून घेतली.”

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. डबा उचलून माझ्या तोंडावर फेकला असता तरी चाललं असतं. ती उठली, मेजाची कड चाचपली, माझ्या दिशेने वाकली आणि म्हणाली, “तुम्हाला उगाच त्रास झाला.”

तेच शब्द. लाल कागद घेताना म्हणाली होती तेच, तसेच. रागाने म्हणाली की सवयीने, ते मला आजतागायत कळलेलं नाही. दारापाशी थांबून म्हणाली, “भात आजच खा. उद्या टिकायचा नाही.”

ती गेल्यावर कुरामोचींनी मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. त्यातलं बरंचसं खरं होतं. मी खोडरबर घेतला आणि क्रमांक पुसला. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘नाही’. शेऱ्यात लिहिलं, ‘गावाने आपण होऊन केले.’ खाली शिक्का उठवला.

“पाच शिक्क्यांच्या कागदावर तू खाडाखोड करतोस?” कुरामोची किंचाळले. “आम्हाला सगळ्यांना तोंडघशी पाडतोस?”

“तुम्ही परत पुसा,” मी म्हटलं, “आणि नवा क्रमांक तुमच्या हाताने लिहा.”

पेन त्यांच्यापुढे धरलं. ते पेनाकडे बघत राहिले. मग घसा खाकरून आत निघून गेले. कागद तसाच गेला.

जिल्हा कचेरीचं उत्तर महिनाअखेरीला आलं, दीड ओळीचं. ‘आदेश नसल्यास रद्द करण्याजोगे काही नाही. गावाने आपल्या अधिकारात ठरवावे.’

गावसभा भरली. मी उत्तर वाचून दाखवलं. बारा सभासद, बारा चहाचे पेले. एक म्हणाला, रोपं लावून होऊ द्या. दुसरा म्हणाला, खालच्या गावाने त्यांचा उभा केला का ते बघून या. तिसरा म्हणाला, दगड उभा करायला कुणाची ना नाही, पण आधी तो पुरला कुणी असं कुणी विचारलं तर? शेवटी कुरामोची म्हणाले, “जिल्हा कचेरीला विचारू या, ‘ठरवावे’ म्हणजे नक्की काय करावे.” सगळ्यांना ते पटलं. पत्राचा मसुदा मी लिहायचा ठरलं. आणि मी तो लिहायला घेतला! तिथे उठून एक शब्द बोलता आला असता. आजीसमोर जे काही धैर्य आलं होतं ते बारा पेल्यांसमोर कुठे गेलं कोण जाणे.

जूनची सात तारीख आली. मी सकाळपासून दाराकडे बघत होतो. दहा वाजले, अकरा वाजले. तोसे आजी आली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मेजावर पुडकं नव्हतं.

मसुदा अर्धा झाला होता. पेन ठेवलं आणि बाहेर पडलो. देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जायच्या आधीच आवाज आला. माती, माती, मग टण्ण. परत माती.

ती तुकड्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसली होती. उपटलेला मुळा बाजूला नीट रचून ठेवला होता. हाताने चाचपायची, कुदळ उचलायची, मारायची, परत चाचपायची. एव्हाना तिने एका कोपऱ्यावरची माती हटवली होती. दगडाची पाठ दिसत होती, ओली, काळपट. असा पालथा पडलेला दगड तिच्या एकटीने आयुष्यभर हलला नसता. ते तिला माहीत असणार.

माझ्या पावलांचा आवाज ऐकून ती थांबली.

“कोण?”

“मी. मोरिवाकी.”

तिने मनगटाने कपाळावरचा घाम पुसला. कपाळाला माती लागली.

“आदेश आला का?”

“नाही, आजी.”

“मग कसे आलात?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आजवर गावात, कचेरीत, तिच्या दारात मी जिथे जिथे म्हणून गेलो होतो, तिथे हातात एक कागद घेऊनच गेलो होतो.

मी कोट काढला, गुडघे टेकले आणि दुसऱ्या बाजूने हातांनी माती काढायला लागलो.